दुसऱ्या मजल्यावरचा पाऊस

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी आधी खुर्ची पुढे ओढून घेते. उत्तर ऐकताना समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते मला जवळून बघायचं असतं.

"मुलांना खेळवते."

"म्हणजे पाळणाघर?"

"नाही."

"मग पी.टी.च्या बाई?"

"तेही नाही. मुलं खेळतात, मी त्यांच्याकडे बघते. याचा पगार मिळतो."

आता या वयात मला याची गंमत वाटते. विशीत मात्र वाटायची नाही, कारण असं विचारणाऱ्यांत पहिले माझे वडील होते. ते मुदखेड जंक्शनवर सांधेवाले होते, गाड्यांचे रूळ बदलायचे. गाडी कुठल्या रुळावर जायची ते ठरलेलं असतं, तसंच मुलीचंही ठरलेलं असावं, असं त्यांचं साधं म्हणणं.

"पोरं खेळवायला नोकरी कशाला लागती, माय?" ते म्हणायचे. "गल्लीतली म्हातारी बी ते फुकट करती."

लातूरकडे मोठा भूकंप झाला तेव्हा मी बारावी होऊन घरी बसले होते. एका संस्थेला पडलेल्या गावांकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये लहान मुलांसाठी मुली हव्या होत्या. चार आठवड्यांसाठी म्हणून गेले आणि दोन वर्षं राहिले. तिथली मुलं घर-घर खेळायची. भातुकली मांडायची, पाहुणे बोलवायची, मग कुणीतरी "पडलं!" म्हणायचं आणि सगळी आडवी व्हायची. आम्ही नुसतं शेजारी बसायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं होतं. तो खेळ थांबवायचा नाही. तिथं बसल्या बसल्या मला कळलं की मला दुसरं काही करायचं नाही.

शेड उठले, संस्था गेली. मी लातूरला आले. तोवर लातुरात क्लासचं पीक जोरात आलं होतं. गल्लीगल्लीत पाट्या, जिन्याखाली सायकलींचा ढीग, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या आया एकेका खोलीत स्टोव्ह मांडून बसलेल्या. पोराचं दहावी-बारावी होईपर्यंत त्यांचा मुक्काम हलायचा नाही. अशाच एका क्लासच्या सरांनी मला ठेवून घेतलं. मुलांच्या काळजीनं नव्हे. समोरच्या क्लासनं जाहिरातीत कॅरमचा फोटो छापला होता म्हणून.

"संध्याकाळी एक तास," सर म्हणाले. त्यांचा आवाज असा की नळावर भांडणाऱ्या बायकाही गप्प व्हाव्यात. "पण बाई, पालकांची तक्रार आली की तास बंद. आणि तास बंद म्हणजे..."

"मी बंद."

"समजदार आहात."

वडिलांनीही मुदत दिली होती. दसऱ्यापर्यंत टिकलीस तर टिकलीस, नाहीतर डी.एड. त्यामुळे मी तो तास घ्यायचे ते एक डोळा मुलांवर आणि एक दाराकडे ठेवून. आणि दारात रोज उभ्या असायच्या हिमायतनगरच्या बाई.

त्यांचा मुलगा आठवीत. हातात भाजीची पिशवी, पदर खोचलेला, नजर माझ्यावर.

"बाई," त्या म्हणायच्या, "शेत बटईनं दुसऱ्याला कसायला देऊन मी हितं भाकरी थापून राहिले. ते काय ह्याची लंगडी बघायला?"

"तासभरच आहे हो."

"उड्या माराया हिमायतनगरात जागा नव्हती का?"

हिमायतनगरात जागा भरपूर होती.

शनिवारी कळलं की त्या इतर पालकांना घेऊन सरांना भेटणार आहेत. संध्याकाळी पहिल्या मजल्यावर सरांच्या ऑफिसात बैठक, आणि दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या डोक्यावर, माझा तास. सरांनी मला जिन्यातच गाठलं.

"आज वर आवाज नको. पालकांना वाटलं पाहिजे, वर कुणी नाहीच."

मी दुपारभर विचार केला. आवाज न होणारा खेळ कुठला? आणि मला पावसाचा खेळ सुचला. हा शेडवरच्या मुलांचा फार लाडका. आधी तळहातावर एक बोट वाजवायचं, मग दोन, मग टाळी, मग मांडीवर थाप. हळूहळू पाऊस येतो आणि हळूहळू जातो. शेडवर आम्ही तो नेहमी बाहेर, मातीवर खेळलो होतो, कारण ती मुलं आत बसायलाच तयार नसायची. शेवटच्या मुसळधार सरीला ती पाय आपटायची आणि मातीवर नुसता धपधप आवाज यायचा. गोड.

दुसऱ्या मजल्यावर माती नव्हती, स्लॅब होता. आणि स्लॅबवर लोखंडी बाकं होती. हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

सुरुवात इतकी नाजूक झाली की खालच्या बैठकीतले शब्द ऐकू येत होते. "पोरगं हातचं जाईल," असं कुणीतरी म्हणालं. मी हातानं पुढची खूण करत राहिले. टाळ्या आल्या, थापा आल्या. आठवडाभर सूत्रं घोकलेली ती मुलं! एकदा पाय उचलल्यावर ती कुणाचं ऐकणार? सगळ्यांनी एकदम आपटले. स्लॅब घुमला, बाकं खडखडली, खिडकीची तावदानं थरथरली.

खाली खुर्च्या पडल्या. कुणीतरी किंचाळलं. मग जिन्यावर चपलांचा लोंढा.

मी खिडकीतून पाहिलं. सगळी बैठक रस्त्यावर! सगळ्यात पुढे सर, अनवाणी, हातात खडू. त्यांच्यामागे पालक. हिमायतनगरच्या बाईंनी भूकंप कधी अनुभवलेला नव्हता, पण सगळे पळाले म्हणून त्याही पळाल्या होत्या, भाजीची पिशवी डोक्यावर धरून. लातुरात त्या काळी एक माणूस पळाला की दुसरा कारण विचारत नसे. शिंपी मशीन सोडून बाहेर, पानवाला बाहेर, आणि समोरचा क्लास, तो कॅरमवाला, अख्खाच्या अख्खा बाहेर.

"भूकंप नाही!" मी खिडकीतून ओरडले. "पाऊस आहे!"

सगळ्या गल्लीनं वर पाहिलं. आभाळ कोरं होतं.

पण माझ्या मागं आता कुणी हसत नव्हतं. भूकंप हा शब्द मुलांनी ऐकला होता. काही बाकाखाली शिरली, काही दाराकडे सरकली. जिना एकच होता, अरुंद, खाली सायकली. ही सगळी एकदम निघाली तर काय होईल, ते मला दिसायला लागलं.

"आगगाडी करा," मी म्हणाले. "पुढच्याच्या खांद्यावर हात. मी इंजिन. शिट्टी कुणी वाजवायची नाही."

शेडवरची मुलं अशीच रांगेनं चालायची. खांदा हातात असला की पाय घाई करत नाहीत. डबे जोडले गेले. बाकाखालच्यांना शेवटच्या डब्यानं ओढून घेतलं. प्रत्येक वळणावर मी मागे बघत होते आणि प्रत्येक वळणावर मला गाडी तुटल्यासारखी वाटत होती. तुटली नाही. रस्त्यावर आलो तेव्हा हिमायतनगरच्या बाईंनी झडप घालून आपला मुलगा ओढला आणि त्याचं डोकं चाचपून पाहिलं.

सर माझ्याजवळ आले. हळू आवाजात ते प्रथमच बोलत होते.

"बाई, सोमवारपासून येऊ नका."

मला डी.एड. दिसलं. तेवढ्यात औशाकडचे एक पालक मध्ये आले. धोतरातले, थकलेले, बैठकीत बहुतेक एक शब्द न बोललेले.

"सर," ते म्हणाले, "तुमी म्होरं पळालाव."

"हो, म्हणजे..."

"पोरं वर हुती."

सरांनी पायांकडे पाहिलं. तिथं चपला नव्हत्या. धोतरातल्या त्या माणसाचं घर भूकंपात गेलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यांना गप्प करणं कुणालाच शक्य नव्हतं.

"लंगडी नगंच म्हणते मी अजून," हिमायतनगरच्या बाई म्हणाल्या. "पण ह्या बाई हे जिना उतरायचं शिकवून राहिल्या असतील, तर शिकवू द्या."

आणि मग मी सरांची बुद्धी काम करताना पाहिली. डोळे आधी चमकले, मग खडूचा हात वर गेला, आणि तो आवाज परत आला.

"तेच तर! हा खेळाचा तास नाहीच मुळी. हा भूकंप सराव आहे. आज पहिला होता!"

समोरच्या क्लासचे सर आपल्या पोरांसह उभे राहून ऐकत होते.

"आमच्याकडे पण सुरू होतोय," ते म्हणाले.

"कधी?" आमचे सर गरजले.

"विचार चालू होता."

लोक पांगेनात. एकदा बाहेर पडलं की लगेच आत जायचं नाही, ही तेव्हाची रीत. पानवाला आत गेला तेव्हा कुठे बाकीचे निघाले. मी सरांना जिन्यात गाठलं.

"सर, मग माझं?"

"सरावाला बाई लागणारच," ते चपला शोधत म्हणाले. "पण वर नाही. मागच्या मोकळ्या प्लॉटवर. आणि पाऊस कायमचा बंद."

सोमवारी वेळापत्रकात भूकंप सराव लागला. प्लॉटवर मी आखणी केली, मुलं उड्या मारू लागली. हिमायतनगरच्या बाई पिशवीसह हजर.

"बाई, ही लंगडीच हाय की."

"हाव."

"लंगडीचा अन् भूकंपाचा काय संबंध?"

आता गेली नोकरी, असं वाटलं. जे सुचलं ते बोलले.

"एक पाय अडकला तर?"

त्यांनी आपल्या मुलाकडे पाहिलं. तो एका पायावर, जीभ बाहेर काढून, दुसऱ्याला बाद करायला निघाला होता. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दगडावर बसल्या.

"मंग दुसऱ्या पायावर बी घ्या त्याला," त्या म्हणाल्या. "एकावरच कशाला?"