सदलग्याच्या बर्फातले तीन शेंडे

या ब्लॉगवर मी आजवर देवळांच्याच सहली लिहिल्या. कुठली बस धरायची, प्रसाद किती वाजता, कमी खर्चात सोय कुठे होते, हे विचारणाऱ्या बायका अजून मेसेज करतात. या वेळी मात्र मी देवदर्शनाला गेले नव्हते. उचगावहून निघून निपाणीमार्गे सदलग्याला गेले होते, एका बर्फाच्या कारखान्यात. तरीही लिहिते आहे, कारण मनातून जात नाही.

आमचे हे गळाच्या काठ्या बनवत. शेती होतीच, पण जीव काठ्यांत. खानापूरच्या जंगलाकडचा भरीव बांबू आणायचा, सावलीत वाळवायचा, निखाऱ्यावर शेकून सरळ करायचा, जवसाचं तेल पाजायचं. माणूस बघून मूठ आणि मासा बघून शेंडा. चिलापीसारख्या हलक्या माशाला बारीक, लवलवता शेंडा, कारण ती नुसतं ओठ लावून जाते. मरळीला ताठ, कारण ती हिसका मारते. वाम तळाशी चिखलात बसते, तिला जाड. मी माळकरी, माशाला शिवत नाही. त्यामुळे काठ्या गोठ्यात, मी स्वयंपाकघरात, असा तीस वर्षांचा आमचा करार होता.

आमचा विनायक नोकरीला कॅनडात आहे. मागच्या हिवाळ्यात त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तिथं अख्खं तळं गोठतं. माणसं त्यावर मोटारी उभ्या करतात, बर्फाला भोक पाडून शेजारी स्टूल टाकून बसतात, नि त्या भोकातून मासे धरतात. यांचे डोळे एवढे मोठे झाले.

"विनू, काठी किती लांब लागंल?"

"भोकापाशीच बसायचं बाबा. दोन-अडीच फूट बास."

मग रोज रात्री प्रश्न. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, थंडीत कडक होतो का? दोरा ओवतात त्या कड्यांत पाणी गोठून तो अडकतो का? कड्या मोठ्या केल्या. हातमोजे घालून धरायची म्हणून मूठ जाड केली आणि तिच्यावर विनूचा शाळेतला निळा स्वेटर उसवून ती लोकर गुंडाळली. भर मे महिन्यात हे दोन्ही हातांत लोकरीचे पायमोजे घालून अंगणात बादलीसमोर काठी धरून बसलेले मी बघितले आहेत. शेजारीण म्हणाली, "भावजींना थंडी वाजून आलीय काय ओ?"

एका मुठीला बसतील असे तीन शेंडे केले. तिकडच्या माशांची नावं यांच्या तोंडात बसेनात, म्हणून पिवळ्या दोऱ्याचा 'विनूची चिलापी', तांबड्याचा 'विनूची मरळ' आणि हिरव्याचा 'विनूची वाम'. एकच काळजी होती. बांबूत ओल राहिली तर ती गोठते, फुगते आणि बांबू उभा तडकतो. बर्फात ठेवून बघितल्याशिवाय काठी पाठवणार नाही म्हणाले.

श्रावणातली एकादशी. नैवेद्याचा खवा काढायला फ्रीजचा वरचा कप्पा उघडला, तर खव्याच्या डब्याला टेकून तांबड्या दोऱ्याची काडी.

"अगं, नवी हाय ती. माशाचं तोंडसुद्धा बघितलं न्हाय तिनं," हे म्हणाले.

मी ऐकलं नाही. श्रावणात, एकादशीला, देवाच्या खव्याशेजारी गळ! काडी उचलली आणि परड्यात अंघोळीच्या चुलीकडे भिरकावली. खवा गाईला घातला. आणि त्या दिवसापासून यांच्याशी अबोला धरला.

बाराव्या दिवशी हे तिन्ही शेंडे घेऊन सदलग्याला गेले. तिथल्या बर्फाच्या कारखान्यातले आप्पासाब म्हणजे यांचे जुने दोस्त, दूधगंगेवर दोघं गळ टाकायला बसायचे. संध्याकाळी हे परत आले, जेवले. 'ताट वाढलंय' हेही मी भिंतीकडे बघून म्हणाले. चौथ्या दिवशी पहाटे छातीत कळ आली. बेळगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अबोला तसाच राहिला.

तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी आप्पासाबांचा फोन आला.

"वैनी, ते शेंडे अजून बर्फातच हायत. काढू काय?"

"काढू नका," मी म्हटलं, "मी येते."

मूठ जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली, डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली, आणि सकाळच्या पहिल्या बसने बेळगाव स्टँड गाठला. जाणाऱ्या बायकांसाठी सांगते. कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीत बसू नका, ती हद्द ओलांडते म्हणून तिकीट पडतं. निपाणीपर्यंतची साधी गाडी धरा, कर्नाटकातलं आधार कार्ड दाखवा, बायकांना शून्याचं तिकीट मिळतं. यांनी मात्र तेव्हा जाता-येता पूर्ण तिकीट काढलं होतं. ती तिकिटं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडली होती.

गाडीत खिडकी मिळाली. कंडक्टरने फडक्याकडे बघितलं.

"काय आक्का, भजनाला काय? वीणा हाय व्हय आत?"

"गळाची मूठ आहे."

"गळाची? आणि गळ्यात तुळशीची माळ?" तो हसला. "देवाला काय सांगणार ओ?"

पुढच्या बाकावरची म्हातारी वळून म्हणाली, "तुझं तिकीट फाड की रं गप. कुणाच्या घरात काय झालंय तुला काय ठावं?" माझ्या कपाळाकडे तिचं लक्ष गेलं असावं. मग तिने आपल्या पिशवीतला पेरू माझ्या हातात दिला.

हायवेचं काम चालू आहे, त्यामुळे वेळ धरून निघू नका. उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. तवंदीचा घाट उतरला की गार वारा लागतो आणि निपाणी आल्याचं नाकालाच कळतं. तंबाखूचा तो वास, आधी ठसका येतो, मग सवय होते. स्टँडवर चहा घेतला, बाकड्यावर बसून भाकरी खाल्ली. हेही याच बाकड्यावर बसले असतील का, असं मनात आलं. त्या दिवशी मी डबा दिला नव्हता. त्यांनीही मागितला नव्हता.

सदलग्याची गाडी अर्ध्या तासाने मिळाली. बेडकिहाळ मागे पडलं तसा दोन्ही बाजूंना ऊस, मग दूधगंगेकाठची गार हवा. आप्पासाब स्टँडवर न्यायला आले होते. लुंगी, अंगात स्वेटर, पायात गमबूट.

"या वैनी. लई वाट बघितली."

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. जमिनीत मिठाच्या पाण्याचा हौद, त्यात पत्र्याचे उभे डबे सोडलेले. डब्यातल्या पाण्याची लादी होते. ती शीतपेयवाल्यांना, मासळीवाल्यांना, लग्नाघरी जाते. कोपऱ्यातल्या एका डब्याच्या कडीला तांबडी चिंधी बांधली होती.

"ह्यो डबा अडीच महिने विकला न्हाय," आप्पासाब म्हणाले. "त्यो म्हणला हुता, मी आल्याबिगर काढू नगंस. त्यो गेल्याचं कळलं तवा वाटलं, काढावं. हात लागंना. मालक वराडतोय, एक डबा अडकवून ठिवलायस म्हणून. म्हणलं, माज्या पगारातनं कापा."

त्यांनी लादी बाहेर काढून शेडच्या तोंडाशी उन्हात उभी केली. बर्फाच्या मधोमध, दुधी झालेल्या भागात, पिवळा, तांबडा, हिरवा असे तीन दोरे दिसत होते. देव्हाऱ्यातल्या काचेआडच्या मूर्ती दिसाव्यात तशा. मला उगीच हात जोडावेसे वाटले. जोडलेही.

आप्पासाबांनी बर्फ फोडायचा टोच्या उचलला.

"फोडू नका, भावजी. वितळू दे."

"दोन-तीन तास जातील, वैनी."

"जाऊ देत."

मी स्टुलावर बसले, तांब्याने थोडं थोडं पाणी घालत राहिले आणि रामरक्षा म्हणत राहिले. एकच मागणं होतं, एक तरी शेंडा सलग निघू दे. यांचं काम वाया गेलं नाही एवढं मला कळू दे. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक विचारायचं होतं, ते जिभेवर येत नव्हतं. शेवटी विचारलं.

"त्या दिवशी हे माझ्याबद्दल काही बोलले का?"

आप्पासाबांनी लादी जरा उन्हाकडे फिरवली. "बोलला की. आल्या आल्या म्हणला, घरात तोंड बंद हाय."

मी तांब्या भरून पुन्हा लादीवर पाणी घातलं.

पिवळा शेंडा आधी सुटला. आप्पासाबांनी तो फडक्याने पुसला, उन्हाकडे धरला. टोकापासून बुडापर्यंत उभी चीर. मग हिरवा. त्याच्या तर हातात घेताच दोन फाळ्या झाल्या. मला बघवेना. तांबडा सर्वांत शेवटी मोकळा झाला. त्यांनी तो दोन्ही हातांनी हळूहळू वाकवला, धनुष्यासारखा, आणि सोडला. टणकन सरळ झाला. पुन्हा वाकवला. पुन्हा सरळ. कुठेही रेघ नाही.

आप्पासाब हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने हसू.

"त्यो म्हणला तसंच झालं बघा! वैनी, ही काडी तुमी फेकल्याली न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

"बारा दीस चुलीच्या धुरात पडली हुती म्हणं. त्यो रोज जाऊन बघायचा, पर उचलली न्हाय मुद्दाम. धुरानं आतली समदी ओल गेली. मला म्हणला, आप्प्या, बाकीच्या दोन माज्या अकलेनं केल्यात, त्या तडकणार. ही हिच्या रागानं सुकलीय, हीच टिकंल. घरी जाऊन सांगतो म्हणला तिला, पर आधी काडी हातात यिऊ दे. पुराव्याबिगर ती ऐकायची न्हाय."

म्हणजे हे रागावले नव्हते. पुरावा येण्याची वाट बघत होते. आणि मी वाट बघत होते त्यांनी आधी बोलण्याची. एका घरात सोळा दिवस, दोघंही गप्प. मी शेडच्या तोंडाशी उभी राहून मनसोक्त रडले. आप्पासाब आत जाऊन डबे आपटत राहिले, माझं रडणं त्यांना ऐकू येऊ नये म्हणून की त्यांचं मला, कुणास ठाऊक.

निघताना त्यांनी मुठीत शेंडा बसवून दिला. मूठ हातात धरून म्हणाले, "ह्यो स्वेटर पोराचा न्हवं? मला सांगितलं हुतं त्यानं." त्यांच्या घरी चहा घेतला. माळ आहे म्हणून त्यांच्या बायकोने वेगळं भांडं घासून घेतलं. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. दूधगंगेच्या घाटावर पाच मिनिटं थांबले. पाणी संथ होतं. फुटलेले दोन शेंडे नदीत सोडावेत असं मनात होतं. सोडले नाहीत, पिशवीत घातले.

परतीच्या गाडीत काठी मांडीवर उघडीच ठेवली. कुणी काही विचारलं नाही.

घरी येऊन विनूला फोन लावला, काठी कॅमेऱ्यासमोर धरली, शेंडा वाकवून दाखवला. म्हटलं, पत्ता नीट लिहून पाठव, बांबू परदेशी पाठवता येतो का ते पोस्टात विचारते.

"आई," तो म्हणाला, "मी एकदाच गेलो होतो तिथं. ऑफिसातल्या लोकांबरोबर. थंडी सोसली नाही, अर्ध्या तासात गाडीत जाऊन बसलो. बाबा रोज विचारायचे, म्हणून मी इंटरनेटवर वाचून सांगत होतो. नाहीतर आम्ही बोलणार काय होतो?"

मी त्याला रागावले नाही. कुणाला रागवायचं, असंच वाटलं. हा बाप बोलत राहावा म्हणून माशांच्या गोष्टी करत होता, आणि मी घरात असून तोंड मिटून बसले होते.

"या थंडीत जा," मी म्हटलं. "काठी पोचली तर ती घेऊन, नाहीतर तशीच कुणाची तरी घेऊन. एक तास बस. मासा नाही लागला तरी चालेल. पण मग मला फोन करून सगळं सांग. मी विचारेन."

"तू विचारणार? माशांचं?"

"हो. मी."

पोस्टातली चौकशी अजून चालू आहे, कुणाला माहिती असेल तर कळवा. तोवर मी यांच्या पद्धतीने एक नवी पिवळी काडी करून घेतली आहे. बांबू यांचाच, गोठ्यात उरलेला. सोलून दिला शेजारच्या सुताराने, दोरा मी गुंडाळला. बारा दिवस अंघोळीच्या चुलीच्या धुरात ठेवली, रोज वाकून बघितली. आता ती फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आहे, खव्याच्या डब्याला टेकून.

काल एकादशी होती. नैवेद्याला खवा काढला, काडी जरा बाजूला सरकवली, आणि कप्पा पुन्हा लावून टाकला.