कुमुदताईंची हिरवी टाकी

कुमुदताईंची नि माझी ओळख झाली ती चक्क शेवाळावरून. ऐंशीचे दशक नुकतेच लागले होते. मुळशी धरणाच्या अलीकडच्या आमच्या गावात मी बालवाडी चालवत असे. एका सकाळी पौडकडून आलेल्या एसटीतून सुती साडी नेसलेल्या एक बाई उतरल्या, हातात हिरव्या पाण्याचा कॅन. पुण्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणाल्या आणि दिवसभर ऊन पडेल अशी टाकीपुरती जागा मागितली. कशाला, तर शेवाळ वाढवायला! माझी जीभ तेव्हाही लांबच. म्हटले, "बाई, हितं घसरून पडायला पायजे तेवढं शेवाळ हाय की. पुण्याहून कशापायी आणलं?" ताई पोटभर हसल्या आणि ओट्यावर बसकण मारून मला समजावू लागल्या.

हे घसरायचे नव्हे, खायचे शेवाळ, नाव स्पिरुलिना. मीठ-सोड्याच्या पाण्यात, उन्हात वाढते. कापडातून गाळून वाळवले की वजनाच्या मानाने त्यात डाळीपेक्षाही जास्त प्रथिने निघतात. शिवाय रक्ताला लागणारे लोह, आणि गाजरात असते तसे डोळ्यांना लागणारे कॅरोटीन. "पण हे औषध नव्हे हं," असे त्या दर खेपेला बजावत. भाकरी, डाळ, पालेभाजी सुटता कामा नये. हे फक्त जेवणाला जोड. स्वतःच्या मालाची बढाई न मारणारा असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

बालवाडीच्या अंगणात टाकी उभी राहिली. चिमूटभर हिरवी पूड शेंगदाण्या-गुळाच्या लाडवात घालून आम्ही पोरांना देत असू. वास मात्र थेट तळ्याचा! पहिला लाडू नेहमी ताईच खात आणि हिरवी जीभ काढून दाखवत. मग काय, प्रत्येकाला आपली जीभ हिरवी हवी. शिकलेल्या बाईंनी असे वेडेवाकडे तोंड केलेले पाहून आयाही पदराआड हसत आणि हळूहळू जवळ सरकत.

त्यांत हौसाबाई होती. तिची मंगल दिवेलागण झाली की भिंती चाचपडत चालायची. रातांधळेपणा. घरचे म्हणत, बाहेरची बाधा हाय. ताईंनी आधी काय केले असेल, तर मायलेकींना एसटीत घालून पौडच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाचा डोस दिला, आणि खाणे सुधारले नाही तर दुखणे पुन्हा उलटेल, असे बजावले. तेव्हापासून पपई, शेवग्याचा पाला आणि हिरवा लाडू मंगलच्या पोटात गेला की नाही, हे ताई जातीने पाहत. हौसाबाईला त्या टाकीत देवच दिसू लागला.

आणि तिथेच घोळ झाला. ताईंच्या कामाला मदत देणाऱ्या संस्थेचे पाहुणे टाकी बघायला यायचे होते. काम चालू ठेवायचे की गुंडाळायचे, हे त्यांच्याच हाती. पाहुण्यांपुढे ताईंची शोभा राहावी म्हणून हौसाबाईने भल्या पहाटे येऊन टाकी उपसली, आणि राखेने, काथ्याने घासून लख्ख केली. हिरवे पाणी अळूच्या वाफ्यात सोडून दिले! पाहुणे येणार म्हणजे भांडेकुंडे घासायचे, ही आमची रीत. मी कपाळावर हात मारून घेतला.

ताई आल्या. रिकामी टाकी बघून क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. पण हौसाबाईला त्या एवढेच म्हणाल्या की, टाकी अशी चकाकताना मी कधी पाहिली नव्हती. पाहुणे आले तेव्हा त्यांतले एक गृहस्थ कुरकुरले, अडाण्यांच्या हाती शास्त्र दिले की असेच व्हायचे. ताई शांतपणे म्हणाल्या, "चूक माझी आहे. खायचं कसं ते मी सांगितलं, जपायचं कसं ते सांगितलं नाही."

संस्थेची मदत बंद झाली. आम्हाला वाटले, आता कसल्या येतात ताई! मंगलच्या काळजीने हौसाबाईच्या तोंडचे पाणी पळाले. पुढच्याच आठवड्यात ताई एसटीतून उतरल्या, हातात पुन्हा तोच कॅन. या वेळी त्यांनी नुसती टाकी भरली नाही. विरजण राखून ठेवावे तसे थोडे थोडे हिरवे पाणी बरणीत भरून घरोघर राखायला दिले. पहिली बरणी हौसाबाईच्या हाती. पुढे कितीतरी वर्षे ती टाकी गावानेच सांभाळली.

त्याच साली, दिवाळीच्या आसपास, अंधारून येताना ताई परतीच्या एसटीसाठी निघाल्या होत्या. कंदील अजून लावायचा होता. मंगल उंबऱ्यात उभी होती. ती सहज म्हणाली, "ताई, तुमची एक चप्पल उलटी पडलीया. भांडान हुईल." आणि सरळ चालत जाऊन, कुठेही न चाचपडता, तिने ती नीट केली. ताईंना पायात चप्पल घालवेना. त्या ओट्यावर बसल्या नि लहान पोरीसारख्या रडल्या. मी त्यांना रडताना तेवढेच पाहिले.

आज ताई पंचाहत्तरीच्या झाल्या. आता त्यांचीच नजर अधू झाली आहे. संध्याकाळी पायरी दिसत नाही, पण काठी घ्यायला तयार नाहीत. ताई, तुम्हाला शंभरी पार करणारे निरोगी आयुष्य लाभो. काठी नको असेल तर नका घेऊ. मंगल म्हणते, तिचा हात धरा.