फेकायचं पाणी

क्षयाचे जंतू वाढवणं हे उतावळ्या माणसाचं काम नव्हे. इतर जंतू एका रात्रीत दिसू लागतात. हे तीन आठवडे घेतात, तेही त्यांच्या मनात आलं तर. प्रयोगशाळेतल्या काकूंनी सत्तावीस वर्षं हेच केलं. दोन दारांची बंद खोली, मागून बांधायचा झगा, हातमोज्यांवर हातमोजे, तोंडावर घट्ट मास्क. नुसते डोळे दिसायचे, आणि ते डोळे पाहूनच नवी मुलं बाटल्या हळू ठेवायला शिकायची.

त्यांचं डावं फुप्फुस याच जंतूंनी विशीत कुरतडलं होतं. तिसरा मजला चढताना त्या दोनदा थांबत. कुणी हात पुढे केला की म्हणत, "पडले नाही मी. दम खातेय. फुकट आहे."

काकूंच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना विभागप्रमुख सरांचा मोठा लेख तयार झाला. विषय होता जंतूनं बाहेर सोडलेलं एक प्रथिन. आपली पेशी जंतूला गिळते, पिशवीत कोंडते, वर आम्ल सोडते. जंतू हे प्रथिन सोडून पिशवीला भोकं पाडतो, निसटतो आणि पेशी मरते, असं सगळे मानत. सरांचं म्हणणं वेगळं होतं. ते प्रथिन बनवूच न शकणारा जंतू त्यांनी तयार करवला आणि मूळ जंतूशी ताडून पाहिला. दोघांनीही पेशी सारख्याच, थोड्याशाच मारल्या. म्हणजे प्रथिन बिनकामाचं.

काकूंच्या गळी हे उतरेना. मूळ जंतूनं तर धुमाकूळ घालायला हवा होता.

"अगं, मूळ जंतू ते प्रथिन बनवतोय, हे तपासलंस ना?" त्यांनी संशोधन करणाऱ्या मुलीला विचारलं.

"तपासलं की. जंतू फोडून आतलं पाहिलं. भरपूर आहे."

"आणि बाहेरचं? ज्या पाण्यात ते वाढतात, ते?"

"ते तर आपण निर्जंतुक करून फेकतो, काकू."

"सुरी कपाटात असली म्हणून कुणी मरतं का? बाहेर काढावी लागते."

पुढच्या खेपेचं पाणी काकूंनी फेकू दिलं नाही. बारीक चाळणीतून गाळलं, आटवलं आणि मुलीच्या हवाली केलं. प्रथिन असलं की तपासणीच्या पट्टीवर जिथे काळी रेघ उमटायची, तिथे काही नव्हतं. प्रथिन जंतूच्या आत मुबलक, बाहेर औषधालाही नाही. मूळ जंतूच कधीचा बोथट झाला होता.

असं का, हे काकूंना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी फ्रीजर बंद पडून गोठवलेला साठा वाया गेला, तेव्हा काम अडू नये म्हणून त्यांनी चालू बाटलीतून नव्या कुप्या भरल्या आणि जुनीच लेबलं लावली. एका बाटलीतून दुसरीत असं वाढवत आणलेली ती बाटली तिसाव्या पिढीच्या पुढची होती. आयतं खाणं, लढायला कुणी नाही. असा जंतू पिढ्यान्‌पिढ्या ऐदी होत जातो.

नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. ओठात स्क्रू धरून त्यानं सगळं ऐकलं.

"गप्प राहिलीस तर?"

"निरोपाला चांगली भाषणं होतील."

"आणि बोललीस तर?"

"चहासुद्धा विचारणार नाहीत."

"तिथल्या चहाला तू नावंच ठेवतेस," तो म्हणाला आणि स्क्रू बसवू लागला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी साठ्याच्या नोंदवहीत सगळं शाईनं लिहिलं, खाली सही केली आणि वही पट्टीसकट सरांच्या टेबलावर ठेवली.

सर वाचता वाचता लाल झाले. "चूक तुमची आणि निस्तरायची आम्ही? फाडा ते पान."

"चूक माझीच. म्हणून तर माझ्या अक्षरात आहे. पान राहील."

"सत्तावीस वर्षांवर बोळा फिरेल तुमच्या."

"फिरू द्या. पण हे प्रथिन बिनकामाचं असं तुम्ही छापलंत, तर त्याच्यावर औषध शोधणारा कुणीतरी हातचं काम सोडून देईल. मी जिने चढताना मोजते सर, ते काय काय करतं."

"भावनेच्या भरात बोलू नका."

"मग पट्टी बघा. तिला कसल्या भावना!"

सरांनी पट्टीकडे पाहिलं नाही. कोरा कागद ओढला. "आजपासून जंतूंच्या खोलीत तुम्हाला मज्जाव."

"लेखी द्या."

"देतोच आहे." ते भराभर लिहू लागले.

"कारणही घाला," काकू म्हणाल्या. "साठ्यात चूक केली म्हणून, असं स्पष्ट लिहा. तारीख घाला. मी लगेच सही करते."

सरांचं पेन थांबलं. ते कारण लिहिलं की साठा चुकीचा असल्याचं त्यांच्याच सहीनं कबूल होणार, आणि लेख गेला. न लिहावं, तर बाईला अडवायचं कशाच्या जोरावर?

काकू उभ्याच होत्या. खाली बसायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली.

"सावकाश लिहा. मूळ जंतूची पहिल्या खेपेची, वाळवून सीलबंद केलेली एक कुपी आहे अजून; ती फ्रीजरमध्ये नव्हती. ती आज फोडायची आहे. पुढचे तीन आठवडे मला फुरसत नाही."