गार्डचा डबा

आगगाडीचा फोटो काढायचा म्हटलं की कुणीही इंजिनाचा काढतो. कॅमेरामामी इंजिन जाऊ द्यायच्या. मागून लोहखनिजाने भरलेल्या वाघिणी खडखडत जायच्या, त्याही जाऊ द्यायच्या, आणि गाडीचं शेपूट वळणावर दिसलं की मगच कॅमेरा डोळ्याला लावायच्या. त्यांना शेवटचा डबा हवा असायचा, गार्डचा. "पुढचं अस्कं जगाला दिसतं," त्या म्हणायच्या, "मज मागचं पाहिजे."

अस्कं म्हणजे सगळं. मामींची मराठी तंजावरची, कित्येक पिढ्या तमिळमध्ये मुरलेली, माझी सोलापूरची. बँकेने मला चेन्नईला पाठवलं आणि वेस्ट मांबलमच्या ज्या इमारतीत मी राहायला गेले, तिथे त्या समोरच्या दारात राहत होत्या. मांबलममध्ये वयस्क बाईला सगळेच मामी म्हणतात. सदुसष्टाव्या वर्षी गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणारी मामी मात्र एकच होती. पहिल्याच दिवशी माझं फोनवरचं बोलणं ऐकून त्या दारात आल्या. "ऐय्यो, तू आमच्यातली! कोठली गं?"

त्यांचे यजमान गार्ड होते. विशाखापट्टणमहून अरकूकडे चढणाऱ्या घाटात त्यांची सगळी नोकरी झाली, आधी मालगाडीवर, मग पॅसेंजरवर. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. निवृत्तीनंतर काही वर्षांनी साहेब विसरायला लागले. आधी चष्मा, मग परदेशातल्या मुलाचं नाव, मग मामींचं. सकाळी पांढरा शर्ट घालून ते ड्यूटीवर निघायचे आणि मांबलम स्टेशनवर जाऊन उभे राहायचे. लोकल आली की संतापायचे, "ही माझी गाडी नव्हे!" हात धरायला गेलेल्या मामींना ढकलून द्यायचे. मामींच्या कपाळावर एक खोक होती, ती जिन्यातली. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "माझाच पाय घसरला."

कॅमेरा घरात आला तो एका जुन्या कॅलेंडरामुळे. माळा आवरताना त्यात घाटातल्या मालगाडीचं चित्र निघालं. साहेबांनी ते मांडीवर घेतलं, शेवटच्या डब्यावर बोट ठेवलं, पुढचा बोगदा कितवा ते सांगितलं आणि मान वर न करता म्हणाले, "सरसा, पाणी आण." कित्येक महिन्यांत त्यांनी मामींचं नाव घेतलं नव्हतं. पाणी आणायला गेलेल्या मामी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या राहिल्या, हे त्यांनीच मला सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी कॅमेरा घेतला.

मग सुरू झाल्या त्यांच्या वाऱ्या. रात्रीच्या गाडीने विशाखापट्टणम, सकाळच्या पॅसेंजरने घाट, कुठल्यातरी लहानशा स्टेशनच्या टोकाला दिवसभर उभं राहणं आणि तिसऱ्या दिवशी परत. मागे दिवसा एक आया असायची, बँकेतून आले की मी. सुरुवातीचे फोटो नुसते पांढरे पट्टे होते. मामी चिडून म्हणायच्या, "गाडी हालली तर चालेल, फोटो हालता नये. फोटो हालला की हे हालतात." आणि ते खरंच होतं. फोटो स्वच्छ असला की साहेब शांत बसायचे, जेवायचे, मामींना नावाने हाक मारायचे. एकदा पावसात मामी उतारावरून घसरल्या आणि मनगट मोडून आल्या. कॅमेरा मात्र पोटाशी धरलेला, कोरडा. प्लॅस्टर घातलेल्या हाताने त्या साहेबांना फोटो दाखवत होत्या आणि ते विचारत होते, "हाताला काय झालं गं सरसा?" त्या दिवशी मामींइतकं सुखी माणूस मी पाहिलं नाही.

पण एका फोटोचा असर आधी तीन आठवडे टिकायचा, तो आठवड्यावर आला, मग दोन दिवसांवर. मामी जास्त वेळा जायला लागल्या. महिन्यात दोनदा, तीनदा. गुडघे सुजलेले, डोळ्यांखाली काळं. मी म्हटलं, "मामी, तुम्हीच आडव्या पडाल." त्या पिशवी भरता भरता म्हणाल्या, "मग काय करू सांग. दुसरं काही आहे का तुझ्यापाशी?"

त्यातच एकदा त्या परत आल्या आणि दार न वाजवता माझ्या घरात येऊन बसल्या. मालगाड्यांना आता गार्डचा डबाच नव्हता. शेवटच्या वाघिणीला एक पेटी लावलेली, तिच्यावर लाल दिवा. दिवसभरात चार मालगाड्या गेल्या, चारही तशाच. दाखवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मामींनी साहेबांना तोच फोटो दाखवला. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "गार्ड कोठे?" मग एकदम उठले. "गार्ड पडला! वाटेत पडला! गाडी थांबवा!" गॅलरीत जाऊन ते रस्त्याकडे हात हलवत ओरडत राहिले. खाली माणसं जमली.

दुसऱ्या दिवशी मामी माझ्या संगणकासमोर बसल्या. "जुना डबा ह्याला जोड, पोरी." मी म्हटलं, हे खोटं होईल. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "हो. खोटंच कर." मी जोडला. मला वाटलं, चांगला जमला. साहेबांनी मिनिटभर पाहिलं आणि फोटो खाली ठेवला. "वाघिणींवर ऊन डावीकडून आहे, डब्यावर उजवीकडून," ते थंडपणे म्हणाले. "कोण आहात तुम्ही? मज फसवता?" त्यानंतर त्यांनी कुठलाच फोटो हातात घेतला नाही, जुनेसुद्धा. मामींनी सगळे अल्बम त्यांच्यासमोर पसरले, एकेक उघडून धरला. ते भिंतीकडे बघत राहिले.

शेवटचा उपाय म्हणून मामींनी त्यांना घाटातच न्यायचं ठरवलं. डॉक्टर नको म्हणाले, मुलगा फोनवर रागावला. मामींनी कुणाचं ऐकलं नाही. मी रजा टाकून बरोबर गेले. त्या लहानशा स्टेशनवर आम्ही साहेबांना बाकावर बसवलं. समोर तेच वळण, तोच बोगदा. पॅसेंजर येऊन गेली. साहेब चपलेच्या पट्ट्याशी खेळत होते. मालगाडी आली, त्यांनी कानांवर हात ठेवले. मामी त्यांच्यापुढे उकिडव्या बसल्या, गुडघे दुखत असूनही, आणि एकेक दाखवत राहिल्या. "तो बोगदा बघा. सिग्नल बघा. तुम्ही इथे रात्रभर अडकला होता, दरड कोसळली होती, आठवतं का? बघा ना." त्यांचा आवाज चिरकला. साहेबांनी अदबीने पाय मागे घेतले.

"बाई, तुम्ही रडू नका," ते म्हणाले. "गाडी चुकली का तुमची?"

मामी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या.

"मजही घरी जायचं आहे," साहेब म्हणाले. "बायको मांबलमला आहे. पण ती घरी नसते. फोटो काढायला सारखी कोठे कोठे जाते. मी वाट बघत बसतो. संध्याकाळ होते, ती येत नाही."

मी दुसरीकडे बघितलं. मागून मामींचा आवाज आला.

"आता नाही जायची ती."

"तुम्हांला काय ठाऊक?"

"मज सांगितलं तिनं."

साहेब त्यानंतर सात महिने जगले, आणि त्या सात महिन्यांत मामी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापलीकडे गेल्या नाहीत. त्यांची ओळख साहेबांना पुन्हा पटली नाही. रोज सकाळी ते समोर बसलेल्या मामींनाच विचारायचे, "माझी बायको आली का हो?"

"आली," मामी म्हणायच्या. "आत कॉफी करते आहे."

आणि उठून आत जायच्या.