क्लाउनफिशची तिसरी वीण

बाबा गेल्यावर आईला मी मोहन्याहून कोलशेतला आणलं, तेव्हा माझ्या घरात माणसं कमी आणि मासे जास्त होते. लग्न मोडल्यावर लोक दाढी वाढवतात, मी खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी घेतली आणि क्लाउनफिश पाळले. आई एक बॅग आणि एक तांब्याचा हंडा घेऊन आली. बाकीचं सामान तिने शेजारणींना वाटून टाकलं होतं.

बाबांच्या छातीत दुपारी जेवणानंतर दुखायला लागलेलं. आईने गॅस समजून ओवा-मीठ दिलं, डाव्या कुशीवर झोपवलं, पाठ चोळली. त्यात दोन तास गेले. कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टर मला म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. आई मागेच बाकावर बसली होती. त्यानंतर सहा महिने या विषयावर आम्ही एक अक्षर बोललो नाही. तिला कोणी दोष देत नव्हतं, पण ती स्वतःला देत होती हे मला दिसायचं. जेवायची, झोपायची, गॅलरीतून खाडीकडे बघत बसायची. तिने पुन्हा कशात तरी जीव लावावा, एवढंच मला हवं होतं.

तिने तो माझ्या माशांवर लावला.

जोडी मी माजिवड्याच्या एका दुकानातून आणली होती. दुकानदार बडबड्या, पण जाणकार. म्हणाला, "एक मोठा घ्या, एक बारका. सगळे नरच जन्मतात, त्यातला जो दांडगा तो मादी होतो. सारखे दोन घेतलेत तर मारामारीत एक जाईल. आणि तुमच्यासमोर खाल्लं तरच घ्यायचा." पैसे घेता घेता त्याने आणखी एक बजावलं. माशांच्या रोगावर मिळतं ते तांब्याचं औषध पिल्लांच्या पाण्यात कधी टाकायचं नाही, तांब्याचा अंश जरी उतरला तरी बारके जीव टिकत नाहीत. हे मी नीट ऐकलं होतं. मुद्दाम सांगतोय.

आईला ते नरमादीचं प्रकरण भारी आवडलं. "म्हणजे दांडगाई करेल ती बाई होय? आपल्याकडे उलटंच होतं सगळं," म्हणाली. टाकीतल्या मातीच्या कुंडीवर मादीने नारिंगी अंडी घातली, की नर आठ दिवस तिथून हलायचा नाही. कल्ल्यांशेजारच्या परांनी वारा घालत बसायचा. आई खुर्ची ओढून समोर बसायची. "बघ रे, बाप कसा राखतोय! आणि ही बया गावभर हिंडतेय."

पहिल्या दोन विणी चौथ्या-पाचव्या दिवशी मेल्या. पिल्लं पापणीच्या केसाएवढी असतात, त्यांना जिवंत खाणं लागतं, तेही डोळ्यांना न दिसणारं. शेवाळाच्या हिरव्या पाण्याच्या बरणीत ते सूक्ष्म जीव वाढवायचे आणि दिवसातून पाच-सहा वेळा पिल्लांच्या वेगळ्या टबात सोडायचे. ऑफिस सांभाळून मला ते जमत नव्हतं. तिसऱ्या विणीला आई म्हणाली, "मी बघते. मला दुसरं काय काम आहे?"

तिने बघितलं म्हणजे काय बघितलं! घड्याळ लावून खाणं घालायची, तळाची घाण बारीक नळीने ओढून काढायची, कामवालीला टबाजवळून झाडूसुद्धा मारू द्यायची नाही. नवव्या दिवशी मला ऑफिसात फोन आला. "अरे, पट्टा आला! एकाला पांढरा पट्टा आलाय!" पट्टा आला म्हणजे पिल्लू बहुतेक जगणार. बाबा गेल्यापासून तिचा हा आवाज मी ऐकला नव्हता. ऑफिसच्या जिन्यात जाऊन मी चक्क रडलो. दोन दिवसांत जवळजवळ सगळ्यांना पट्टे आले. मोजायला गेलं की हलायची, पण साठेक तरी असावीत. मजल्यावरच्या बायकांना बोलावून तिने ती दाखवली. त्या दिवशी तिने आपणहून शिरा केला.

टबातलं थोडं पाणी रोज काढून तेवढंच नवं खारं पाणी घालायचं असे. ते आम्ही एका ठरलेल्या बादलीत आदल्या संध्याकाळी कालवून ठेवायचो. कामवालीने एके दिवशी चुकून त्याच बादलीत फिनेल घेऊन लादी पुसली. बादली कितीही घासली तरी वास जाईना. तान्ह्या पिल्लांना असलं पाणी कसं घालायचं? आईने आपला तांब्याचा हंडा काढला, चिंच-मीठ लावून लख्ख घासला आणि दुसऱ्या दिवशीचं खारं पाणी रात्रीच त्यात कालवून ठेवलं. आमच्या घरात तांब्याच्या पाण्याइतकं शुद्ध दुसरं काही नव्हतं. आजारी माणसालाही तेच द्यायचे.

सकाळी ऑफिसला निघताना हंडा मी ओट्यावर पाहिला. "वा, काय चमकवलायस," म्हणालो. बादलीचं मला ठाऊक नव्हतं, प्यायचं पाणी भरलं असेल असं वाटलं. बूट घातले आणि गेलो.

संध्याकाळी आलो तर आई टबाशी जमिनीवर बसलेली. पिल्लं तळाला पडली होती, पांढरीफटक. दोन-चार अजून एका जागी गोल फिरत होती, तीही पाहता पाहता थांबली. मी विचारलं, पाणी कुठलं घातलंस? तिने हंड्याकडे बोट केलं.

"आई, अगं तांबं! विष असतं ते त्यांना! मारलीस तू सगळी!"

तिने टिपं गाळायला हवी होती, किंवा माझ्यावर ओरडायला हवं होतं. तिने टबातला हात बाहेर काढून पदराला पुसला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हं. ह्यांनाही मीच मारलं."

त्यावर लगेच 'नाही' म्हणायचं असतं. कोणीही म्हणालं असतं. मी म्हणालो नाही. मी रागात होतो हे खरं, पण रागाच्या आड लपून उपयोग नाही. सहा महिने मलाही तेच वाटत आलं होतं, आणि ते तिने माझ्या तोंडावर वाचलं. मग मी बरंच काही बोललो. दुकानदाराने मला बजावलं होतं, मी तुला सांगितलं नाही, हंडा मी स्वतः पाहिला होता, चूक माझी. ती मान हलवत राहिली. उठून भात लावायला गेली.

जोडीने पंधरा दिवसांनी पुन्हा अंडी घातली. मी हाक मारली तर दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तूच बघ." पुढच्या विणी मीच वाढवल्या, रजा टाकून. काही पिल्लं जगली. माजिवड्याचा दुकानदार घेऊन गेला. त्याआधी आईला मी बोट धरून दाखवायला नेलं, तेव्हा ती टबापासून दोन हात लांब उभी राहिली.

आता ती प्रत्येक गोष्ट विचारून करते. आमटीत मीठ घालू का, कुंड्यांना पाणी घालू का, गॅस बंद करू का. मागच्या महिन्यात मला ताप होता. दुपारी जाग आली तर ती उशाशी उभी, एका हातात ग्लास आणि एका हातात गोळी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"देऊ का रे?" तिने विचारलं.

मी हात पुढे केला. ती तशीच थांबली. "दे," असं मी तोंडाने म्हटलं, तेव्हाच तिने ग्लास माझ्या हातात सोडला.