शेजारी न देता येणारा दिवाळी अंक

"तुमचा वाचून झाला की द्या," असं शेजारच्या सुलभाकाकू दर वर्षी म्हणतात, आणि आमचा दिवाळी अंक चार घरं फिरून मुखपृष्ठाविना परत येतो. यंदा मी तो फोनवर विकत घेतला. काकूंना पाठवायला गेलो तर कळलं, दुसऱ्याला देता येत नाही. लेखकाचा हक्क मला मान्यच आहे. पण शेजारी देता येत नसेल, तर मी विकत घेतलं तरी काय? विचारायचं कुणाला, हे शोधायचाही आता कंटाळा येतो. अटी न वाचताच 'मान्य' दाबणारा मीच.

शेवटी काकूंना घरी बोलावून फोनच हातात दिला. दर दोन मिनिटांनी त्याला कुलूप लागतं. काकू तो माझ्यापुढे धरतात आणि मी मुकाट्याने अंगठा देतो.