दाराचा इनपुट

"तू जरा लांब उभी राहा गं. सोवळ्यातलं आहे सगळं."

साहेब मराठीत बोलले. हसत, गोड आवाजात. शेजारी उभ्या सहकारी गुप्ताजींना वाटलं, साहेब माझं कौतुक करताहेत. तेही माझ्याकडे बघून हसले. मी मागे सरकत गेले, केबलच्या रिकाम्या ड्रमला पाठ टेकेपर्यंत.

पूजा ज्या पॅनेलची चालली होती ते मी उभं केलं होतं. रॅक मी बसवला. पॉवर सप्लाय, सीपीयू, इनपुटची मॉड्यूलं, आउटपुटची मॉड्यूलं, एकेक करून मी सरकवली. कुठली तार कुठल्या पत्त्यावर जाते ते मी ठरवलं. प्रोग्रामची प्रत्येक ओळ माझी. आणि आता त्याच पॅनेलवर साहेबांच्या पत्नी हळदकुंकू वाहत होत्या आणि माझी सावलीसुद्धा तिकडे नको होती.

आमच्या कारखान्यात नवीन पॅनेल पूजेशिवाय चालू होत नाही. नारळ फुटतो, हार चढतो, मग मेन स्विच. रिवाज असा की प्रोग्राम ज्यानं लिहिला त्यानं नारळ फोडायचा. गुप्ताजींनी फोडला होता, त्यांच्या आधीच्यांनीही फोडला होता. माझ्या वेळी साहेबांनी स्वतः फोडला. कोणी विचारलं नाही. मीही नाही.

माझे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस होते. विदर्भातून बदली होऊन झाशीला आले आणि इथलेच झाले. मी रेल्वे कॉलनीत वाढले. बाहेर हिंदी, घरात मराठी. कारखान्यात लागले तेव्हा कळलं की आमचे साहेब मराठी आहेत. मानिक चौकाजवळ त्यांचं जुनं घर, कैक पिढ्यांपासूनचं. मला वेड्यासारखा आनंद झाला. वाटलं, परक्या मुलखात आपलं माणूस मिळालं.

पहिल्या दिवशी त्यांनी चहा मागवला. अहोजाहो करत गाव विचारलं. आडनाव विचारलं. तेवढ्यानं त्यांचं भागलं नाही. "घरी देव कोणता?" म्हणाले. मी सांगितलं, देव नाही, आमच्याकडे बुद्धवंदना होते. ते "अच्छा" म्हणाले. चहा मी संपवला, पण तेवढ्यात तुम्हीची तू झाले होते.

सगळ्या विभागात ते शर्माजी, गुप्ताजी करतात. शिपायालाही भैया म्हणतात. मी एकटी अगं आणि तू. लोकांना वाटतं, लेकीसारखं मानतात. कारण लोकांना मराठी येत नाही. "कोट्यातून येता तुम्ही लोक, तुझ्या डोक्याला झेपेल तेवढंच कर." हे हसून, भर मीटिंगमध्ये. "तो चहाचा मग तुझा वेगळा ठेव." हेही हसून. हॉलभर माणसं आणि ऐकणारी मी एकटी. कोणाकडे तक्रार करू? साक्षीदार कोण? ज्या भाषेत आईनं मला जेवू घातलं, त्या भाषेत हा माणूस रोज माझ्यावर थुंकायचा आणि बाकीचे ती माया समजायचे. घरी सांगितलं तर वडील म्हणायचे, नोकरी पक्की आहे, गप राहा. मी गप राहिले. आईशी मराठी बोलायलाही मला नको वाटायला लागलं होतं.

तर त्या दिवशी पूजा झाली. आता चाचणी. मशीन पत्रा कापायचं. मशीन जुनं, त्याला पॅनेलमधला हा नवा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक. पुढं जाळीचं दार. दार उघडायचं, हातानं पत्रा आत ठेवायचा, दार लावायचं, मग बटण. दार नीट लागलं की स्विच दबतो, इनपुटचा दिवा लागतो, तेव्हाच पातं हलतं. या दारासाठी वेगळा सुरक्षा रिले, प्रोग्रामशिवायही पातं रोखणारा, बसवा असं मी सांगितलं होतं. ते पुढे ढकललं गेलं होतं. म्हणून मशीन चालवणाऱ्या कल्लूभैयाचा हात आणि ते पातं यांच्या मध्ये एवढी एकच अट होती. माझ्या प्रोग्राममधली.

मोठे अधिकारी आले. कल्लूभैयानं पत्रा ठेवला, दार लावलं, बटण दाबलं. काही हललं नाही.

साहेबांनी मान वळवली. मी लॅपटॉप उघडला. सगळं ठीक होतं, फक्त दाराचा इनपुट शून्य. मान वर करून बघितलं तर कारण समोरच लटकत होतं. साहेबांच्या पत्नींनी दाराला झेंडूचा हा जाडजूड हार बांधला होता. तो कडेत अडकत होता, दार पूर्ण टेकत नव्हतं. मी सांगितलं, हार काढला की चालेल.

साहेब जवळ आले. पुन्हा तेच हसू. "पूजेच्या हाराला हात लावायचा नाही तू. तो उतरवणं अपशकुन आहे. दाराचा बिट फोर्स कर आणि लायकीत राहा."

फोर्स करणं म्हणजे दमदाटी. तारेवर शून्य असलं तरी पीएलसीला सांगायचं, एक समज. दार उघडं असलं तरी बंद समज. दोन क्लिकचं काम. माझं बोट माऊसवर होतं. खरं सांगते, मी करणार होते. इतक्या दिवसांची सवय होती.

कल्लूभैया माझ्या टेबलाशी उभा होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण फोर्स हा शब्द त्याला चांगला माहीत होता. ताईला बोलावं तसं, आपल्या बुंदेलीत हळूच म्हणाला, "बिन्नू, हाथ तो हमाओ जात है भीतर."

मी लॅपटॉप बंद केला. उभी राहिले. हिंदीत बोलले, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

"साहब ने अभी मुझसे मराठी में कहा कि हार को हाथ मत लगाना, अपनी लायकी में रह, और दरवाज़े का इनपुट फोर्स कर दे। पूजा के वक़्त कहा, दूर खड़ी रह। मैं फोर्स नहीं करूँगी। इसमें कल्लू भैया का हाथ जाता है।"

साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त कानशिलं लाल झाली. मोठे अधिकारी घड्याळ बघायला लागले. गुप्ताजी घसा खाकरून म्हणाले, "छोड़िए, आप लोगों के घर की बात है।"

"घर की नहीं है," मी म्हणाले.

कल्लूभैयानंच हार सोडला आणि बाजूला ठेवला. दार लागलं, दिवा लागला, पातं खाली आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचा फोटो निघाला, पॅनेलशेजारी. मला कोणी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझा लॅपटॉप काढून घेतला. आता मी स्टोअरच्या मागच्या खोलीत जुनी मॉड्यूलं पुसते. खोलीला खिडकी नाही. प्रोग्रामिंगच्या कामातून माझं नाव उडालं आहे. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. गुप्ताजी सांगून गेले, माफी मागा, सगळं विसरलं जाईल.

माफी मागणार नाही. बदलीही मागणार नाही. त्याला तेच हवं आहे. होय, त्याला. साहेब म्हणणं माझं त्या दिवशी संपलं. तो अधूनमधून या खोलीत येतो, दारात उभा राहतो, मराठीत काहीतरी पुटपुटतो. मी उठते, बाहेर व्हरांड्यात जाते आणि तो काय म्हणाला ते हिंदीत मोठ्यानं सांगते. ऐकणारे ऐकतात, काही मान खाली घालतात. मी सांगत राहणार. तो रिटायर होईपर्यंत, किंवा मी.